सी हॅरियर एफआरएस ५१, माप १/२४ : कामाच्या नोंदी

८ जून २०२५

आज खोका उघडला. एअरफिक्स कंपनीचं सी हॅरियरचं प्लास्टिक मॉडेल किट, माप १/२४. सी हॅरियर म्हणजे इंजिनाचा झोत चार फिरत्या नळकांड्यांतून (नॉझल) खाली सोडून हवेत तरंगू शकणारं नौदलाचं लढाऊ विमान. धडाचे दोन्ही अर्धे टेपने जोडून टेबलावर ठेवले. नाकापासून शेपटीपर्यंत ६० सेंमी, पंख ३२ सेंमी. साचा जुना आहे, सत्तरच्या दशकात जमिनीवरून उडणाऱ्या हॅरियरसाठी केलेला. पुढे त्यालाच नवं नाक आणि उंच कॉकपिट देऊन नौदलाचं विमान केलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे अंगभर रिव्हेट आहेत. पेगासस इंजिन मात्र आत पूर्ण दिलंय, आणि मी हे किट घेतलं ते त्यासाठीच.

करायचंय ते भारतीय नौदलाचं रूप, एफआरएस ५१. स्क्वॉड्रन आयएनएएस ३००, म्हणजे 'व्हाइट टायगर्स', काळ ऐंशीच्या दशकातला. ब्रिटिश विमानावर भारतीय चक्र चिकटवलं की झालं, अशा समजुतीने केलेली मॉडेलं बरीच बघितली आहेत. हे विमान त्याहून जास्त मन लावून करण्याच्या लायकीचं आहे. भारताने पहिली सहा एकआसनी आणि दोन दोनआसनी विमानं १९७९ सालीच मागवली होती. ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड लढाईने सी हॅरियरचं नाव जगभर झालं ते १९८२ मध्ये, म्हणजे आपण त्याच्या आधीच निवड केली होती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन विमानं गोव्यात दाबोळीला उतरली. एकआसनी विमानं पुढे एकूण २३ आली, आणि ११ मे २०१६ ला त्यांना निरोप दिला तोही इथेच, आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर. वास्कोत वाढलेल्यांना हे विमान दिसायच्या आधी ऐकू यायचं.

१५ जून

शेजारचे काका आले होते. नौदलात एअर मेकॅनिक होते, हंसावर हॅरियरच्या हँगरमध्ये त्यांची बरीच वर्षं गेली. इंजिन दिसावं म्हणून पाठीवरचं एखादं पॅनेल कापून उघडं ठेवायचा माझा बेत त्यांना सांगितला. त्यांनी धड हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाले, "असं कधी दिसलंच नाही आम्हाला. ह्याचं इंजिन काढायचं म्हणजे आधी पंख उतरवायचा. अख्खा. मग इंजिन वरून उचलायचं. बाकीच्या विमानांचं मागून ओढतात, ह्याचं कसं ओढणार? चार नॉझल बाजूंनी बाहेर आलीयेत ना!"

हे वाचून ठाऊक होतं. पण ज्यांनी ते काम केलंय त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मॉडेल कसं व्हायला हवं ते स्पष्ट दिसलं. हॅरियरचा पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग एकच, पाठीवर बसवलेला. तेव्हा पंख चिकटवायचा नाही. उचलला की खाली पेगासस दिसलं पाहिजे, ठेवला की फट दिसता कामा नये.

यातून दुसरा प्रश्न निघतो. हॅरियरचं वजन पोटाखालच्या दोन पायांवर असतं, पुढे एक चाक, मागे जोडचाक. तोल सांभाळायला पंखांच्या टोकांजवळ लहान चाकांचे दोन पाय. पंख उचलला की तेही पंखाबरोबर जाणार आणि धड आडवं होणार. खऱ्या हँगरमध्येही म्हणूनच धडाला आधी जॅकवर घेतात. म्हणजे मलाही जॅक करावे लागणार. काकांनी त्यांचं चित्र काढून दिलंय. पितळी नळ्यांत होतील.

२९ जून

पंधरवडाभर फक्त इंजिन.

पेगाससची रचना समजून घेतली की रंगवणं सोपं होतं. पुढे तीन टप्प्यांचा मोठा पंखा. त्याने ओढलेल्या हवेतली काही सरळ पुढच्या दोन नॉझलमधून बाहेर पडते, ही थंड हवा. उरलेली आठ टप्प्यांच्या कॉम्प्रेसरमधून ज्वलनाला जाते आणि मागच्या दोन नॉझलमधून आगीसारखी निघते. पंखा आणि कॉम्प्रेसर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. एकाच दिशेने फिरते तर तरंगत्या विमानाला भोवऱ्याची ओढ लागून ते वैमानिकाला सांभाळता आलं नसतं. म्हणून पुढचा भाग मी फिकट धातूच्या रंगात ठेवला आणि ज्वलनकक्षापासून मागे रंग तापत नेला : आधी स्टील, मग करडा-तपकिरी, मागच्या नॉझलच्या गळ्याशी किंचित निळसर झाक. निळा रंग एअरब्रशने अगदी पातळ मारलाय, उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही.

नौदलाच्या पेगाससमध्ये आणखी एक फरक आहे. जमिनीवरच्या हॅरियरमधले मॅग्नेशियमचे मोठे भाग यात बदलले, कारण खारी हवा मॅग्नेशियम खाऊन टाकते. रंगात हा फरक दाखवता येत नाही. पण आवरणांवर जुन्या लष्करी इंजिनाचा पिवळट-हिरवा थर मारायचा हात त्यामुळेच आवरला.

किटमध्ये नळ्या जवळपास नाहीत. टेलिफोनच्या जुन्या केबलमधली तांब्याची तार सोलून घेतली, जाड नळ्यांसाठी सोल्डरची तार. मुख्य ओळ नियंत्रणाच्या हवेची आहे. तरंगत असताना विमानावरून वारा वाहत नाही, त्यामुळे एलेरॉन (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आणि सुकाणू निकामी असतात. तेव्हा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाची गरम हवा नळ्यांनी नाकाकडे, शेपटीच्या टोकाला आणि दोन्ही पंखांच्या टोकांना नेतात आणि तिथल्या बारीक झडपांतून सोडून विमान सरळ ठेवतात. पंख उचलल्यावर हा नळ दिसणार, म्हणून तो आधी. इन्सुलेशनसाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल पट्ट्या कापून गुंडाळली आणि नखाने दाबून सुरकुत्या पाडल्या. कुठल्याही विकतच्या सामानाने हे इतकं बरं जमलं नसतं.

१३ जुलै

नॉझल. खऱ्या विमानात चारही एकाच यंत्रणेला जोडलेली असतात : हवेवर चालणारी मोटर, तिच्यापासून निघालेले दांडे आणि साखळ्या. वैमानिकाच्या डाव्या हाताला थ्रॉटलच्या शेजारी एकच दांडा, तो ओढला की चारही बरोबर फिरतात, सरळ मागे बघण्यापासून थेट खालीपर्यंत आणि त्याच्याही किंचित पुढे, ९८.५ अंशांपर्यंत. त्यामुळे मॉडेलवर एक नॉझल दुसऱ्यापेक्षा पाच अंशांनीही वेगळं दिसलं तर जाणकार माणसाची नजर तिथेच अडते.

किटमध्ये ती सुटी फिरतात. मी आडव्या पितळी नळीवर डावी-उजवी जोडी घट्ट बसवली आणि दोन नळ्यांवर आतून छोटे दात असलेली चाकं लावली, बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळातली. मधे एक चाक घातलं, म्हणजे दिशा एकच राहते. आता पुढचं डावं नॉझल बोटाने फिरवलं की चारही फिरतात. हे दाखवायला खालून आरसा ठेवावा लागेल, पण काम बरोबर झालंय याचं समाधान मोठं आहे.

मागच्या नॉझलच्या मागे धडावर स्टीलचा मोठा पत्रा असतो, गरम झोत झेलायला. तोही गोळ्यांच्या फॉइलचाच केला, मेणबत्तीच्या ज्योतीवर किंचित तापवून. त्यावर रंग मारणार नाही.

२० जुलै

रंगकाम बंद. यंदा पाऊस मेमध्येच आला आणि तेव्हापासून भिंतीसुद्धा ओल्या आहेत. लॅकर रंग असल्या हवेत मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरका पडदा येतो. चाचणीच्या प्लास्टिकवर तेच दिसलं. पांढरं पोट आणि गडद राखाडी पाठ असलेल्या विमानाला ते अजिबात चालणार नाही. दसऱ्यानंतर बघू.

३ ऑगस्ट

कॉकपिट. जमिनीवरच्या हॅरियरपेक्षा सी हॅरियरचं कॉकपिट सुमारे २८ सेंमी उंच केलंय. खाली जास्त उपकरणं मावली आणि वैमानिकाला चारी बाजूंना बघता आलं. मापात हे एक सेंटिमीटरहून थोडं जास्त भरतं. म्हणजे मॉडेलचा चेहरा याच एका सेंटिमीटरवर ठरतो.

आसन मार्टिन-बेकर १०एच, संकटात वैमानिकासकट बाहेर उडणारं. किटमधलं आसन जुजबी आहे, म्हणून चौकट ठेवून बाकी सगळं नव्याने केलं. उशा एमसीलच्या. कडक व्हायच्या आधी ओल्या कापडाचा ठसा घेतला की कॅनव्हासचा पोत येतो. पट्टे फॉइलचे, बकल बारीक तारेचे. दोन मांड्यांमध्ये येणारं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं हँडल तारेला पीळ देऊन केलं. त्यावरचे पट्टे भिंगाखाली काढले, कारण वरून बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

डाव्या हाताला थ्रॉटल आणि त्याच्या आत नॉझलचा दांडा, दोन्ही वेगवेगळे दिसले पाहिजेत. या विमानाची सगळी करामत त्या दुसऱ्या दांड्यात आहे. विराट या विमानवाहू जहाजाच्या १२ अंशांच्या स्की-जंपवरून, म्हणजे डेकच्या टोकाच्या चढावरून, निघताना पूर्ण जोर लावून धावायचं, चढाच्या टोकाला तो दांडा मागे ओढायचा, नॉझल खाली वळतात आणि पंखांना पुरेसा वेग मिळेपर्यंत इंजिनच विमान उचलून धरतं. उतरताना उलट. म्हणूनच मॉडेलमध्ये तो दांडा दोन मिलिमीटरचा असला तरी सोडून द्यायचा नाही.

कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेवर, आतून वेडीवाकडी जाणारी पांढरी रेघ असते, स्फोटक दोरीची. आसन उडायच्या आधी ती काच फोडते. डिकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राने) सपाट दिसते. मी वितळलेल्या स्प्रूचा (किटचे भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिक चौकटीचा) केसासारखा धागा ओढून, पाण्यासारख्या पातळ ॲक्रिलिक वार्निशने चिकटवला. काचेवर फेविक्विक नको, वाफेने काच धुरकटते.

२४ ऑगस्ट

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. टेबल माटोळीच्या, गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या, सामानाला दिलं. धड चिकटवून बाजूला ठेवलंय.

१४ सप्टेंबर

दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात दुपार काढली. सी हॅरियरभोवती फिरून बारकावे टिपले. रंगासाठी या विमानाचा आधार घेणार नाही. उघड्यावर, समुद्राशेजारी ठेवलेलं विमान पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं. आकारासाठी मात्र त्याच्यासारखा गुरू नाही.

सगळ्यात जास्त वेळ इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या तोंडांशी उभा राहिलो. दोन्ही बाजूंना कडेने आठ-आठ झडपा असतात. कमी वेगात किंवा तरंगताना इंजिनाला समोरून पुरेशी हवा मिळत नाही, तेव्हा या झडपा आत ढकलल्या जाऊन बाजूने हवा येते. वेगात त्या बंद. आणि इंजिन थंड असताना त्या नुसत्या लोंबत्या असतात : वरच्या आपल्या वजनाने आत पडतात, खालच्या मिटलेल्या राहतात. जमिनीवर उभं असलेलं मॉडेल सगळ्या झडपा बंद ठेवून केलं की ते यंत्र वाटत नाही. मी प्रत्येक झडप ०.३ मिमी प्लास्टिक पत्र्यातून वेगळी कापणार आणि वरच्या कमी-जास्त उघड्या ठेवणार, कारण प्रत्यक्षात त्या दोन शेजारणीही सारख्या लोंबत नाहीत.

काचेपुढची वारादर्शक पातीही नीट बघून घेतली. नाकाच्या वर, वैमानिकाच्या नजरेसमोर फिरणारी ही बारीकशी पाती हे या विमानाचं जीवरक्षक साधन. तरंगताना वारा बाजूने लागला आणि विमान तिरकं राहिलं तर ते उलथू शकतं. पाती वाऱ्याकडे बघते आणि वैमानिक नाक तिच्याकडे वळवतो.

५ ऑक्टोबर

रिव्हेट. हा निर्णय लांबणीवर टाकला होता. खऱ्या विमानावर रिव्हेट आहेतच, पण १/२४ मापात किटवरचे रिव्हेट खऱ्या मापाच्या बटणाएवढे होतात. तरीही सगळे घासून सपाट करणं मला पटत नाही. हे विमान कारखान्यात पत्रे जोडून केलेलं होतं, ते दिसलं पाहिजे. म्हणून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून त्यांचा माथा काढला, मग १०००ने गुळगुळीत केलं. नुसती खूण उरते. पंखावर आणि पाठीवर, जिथे उजेड तिरका पडतो तिथे, दातेरी चाकाने रिव्हेटच्या बारीक ओळी पुन्हा मारल्या. पॅनेलच्या रेषा सुईने कोरल्या, बाजूला जाड टेपची पट्टी लावून. पंखाच्या मुळाशी असलेली रेष इतरांपेक्षा खोल, कारण ती नुसती पॅनेलची नाही. तिथून पंख सुटतो.

पंख बसवायला तीन मिलिमीटरचे लोहचुंबक आणि दोन पितळी खुंट्या. उचलला, ठेवला, फट नाही.

१९ ऑक्टोबर

क्षेपणास्त्रं. किटमध्ये साइडवाइंडर आहेत. भारतीय विमानांवर फ्रेंच मात्रा मॅजिक आर ५५० असायची, आणि ब्रिटिश विमानापासूनचा हा पहिला ठळक फरक. मूळ लांबी २.७२ मीटर, व्यास १५७ मिमी. मापात ११३ मिमी आणि साडेसहा मिमी. प्लास्टिकची नळी साडेसहाची मिळाली.

मॅजिकची ओळख पुढच्या पात्यांत आहे. आधी चार स्थिर पाती, लगेच त्यांच्या मागे चार हलणारी, आकार वेगळा. मागची चार पाती अंगाभोवती मोकळी फिरणारी. आठ पाती चिकटवायला पुठ्ठ्याचा साचा केला, मधे नळीचं भोक आणि चार चिरा. बाजारात ३डी प्रिंट मिळू शकतात, पण पत्र्याची पातळ कड हाताने जशी येते तशी प्रिंटला येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

काका म्हणाले, "पंख उतरवलाय आणि त्याला मिसाइल लटकलंय, असं दाखवू नकोस हं. शस्त्रं उतरवल्याशिवाय विमान हँगरमध्ये घेत नाहीत." म्हणून पायलॉनमध्येही, म्हणजे शस्त्रं टांगायच्या पंखाखालच्या खांबातही, चुंबक. पंख जागेवर असेल तेव्हा मॅजिक लागतील, पंख उचलायचा तर आधी त्या काढायच्या. पोटाखालच्या ३० मिमी एडन तोफांच्या पेट्याही तशाच सुट्या.

९ नोव्हेंबर

हवा कोरडी झाली. रंग.

आधी पांढरा. राखाडी प्राइमरवर पांढरा मळकट दिसतो, म्हणून फिकट गुलाबी प्राइमर घेतला, त्यावर पांढरा पातळ थरांत. दोन दिवस वाळू दिला. मग मास्किंग टेप लावून वरचा एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, ब्रिटिश मानकातला ६४० क्रमांकाचा. पहिली भारतीय सी हॅरियर याच रंगांत आली : वर हा गडद राखाडी, खाली पांढरा, मधली कड टणक. नंतरची सरसकट फिकट राखाडी रूपं मला दिसायला कमी आवडतात. लढाऊ विमानाला ती सोयीची आहेत, हे मान्य.

गडद राखाडी एकाच छटेत मारला तर एवढ्या मोठ्या अंगावर मेलेला दिसतो. थोडा पांढरा मिसळून पाठीच्या मध्यावर फिकट केला, पॅनेलच्या कडांशी मूळ ठेवला. मग जागोजागी नव्या रंगाचे लहान चौकोनी ठिगळ. नौदलाच्या विमानावर ही ठिगळं मातीपेक्षा जास्त खरी वाटतात. खाऱ्या हवेत गंज बघायचा, घासायचा, लगेच रंग लावायचा, हे रोजचं काम. धूळ जवळपास नको, कारण ही विमानं गोड्या पाण्याने धुतात. पोटावर मात्र हायड्रॉलिक तेलाचे ओघळ आणि मागच्या नॉझलच्या पाठीमागे काजळी.

२३ नोव्हेंबर

किटची डिकलं ब्रिटिश, त्यातल्या बारीक सूचना तेवढ्या वापरल्या. चक्रं रंगवूनच केली : बाहेर हिरवं, मग पांढरं, मधे केशरी. टेपमधून वर्तुळं कापायला कंपासला कटरचं पातं बांधलं. क्रम पांढरा, केशरी, हिरवा. केशरीखाली पांढरा असेल तरच तो उजळतो.

मग शेपटीवरचा वाघ. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे पांढरा वाघ गडद राखाडीवर छापून मिळणार नाही. टेपवर पेन्सिलीने आकृती उतरवली, नव्या पात्याने कापली, आतला भाग सुईने उचलला, पांढऱ्याचे चार फवारे. रंग ओला असतानाच टेप काढला, म्हणजे कड उभी राहत नाही. अंगावरचे पट्टे तीन केसांच्या ब्रशने, श्वास रोखून. डोळा सगळ्यात शेवटी : एकच ठिपका, आणि तो लागताच शेपटी जिवंत झाली.

७ डिसेंबर

जॅक झाले. पितळी नळी आत-बाहेर सरकते आणि इंजेक्शनच्या सुईच्या तुकड्याने अडते. धड त्यांवर ठेवलं, पंख उचलून लाकडी घोड्यांवर. पेगासस मोकळं दिसतंय, नियंत्रणाचा नळ दिसतोय, नॉझल फिरवली की चारही फिरतात.

काकांना बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ आत बघत राहिले आणि मग कामाचंच बोलले : पुढच्या पायाच्या खांबावर जहाजाला बांधायची कडी हवी, पंखटोकाच्या पायांवरही. भर समुद्रात जहाज डुलतं, तेव्हा विमान साखळ्यांनी डेकला जखडून ठेवतात. ती कडी नसेल तर ते नौदलाचं विमान नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे.

अर्धा मिलिमीटर तारेच्या कड्या आज रात्री वाकवून ठेवतो. त्यानंतर काचेपुढची पाती, नाकावरची पिटो नळी (वेग मोजणारी) आणि काचेचा वायपर. ही तीन कामं राहिली आहेत.